आडवा करू नका

माझा भाऊ गेल्याचा निरोप मला दोनदा आला. पहिला खोटा निघाला. तो आला तेव्हा मी शहापूरला शाळेत होते, चौथीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होते. चुलतभाऊ वसंताचा फोन होता. "ताई, दादाला ऊर्ध्व लागलाय. खाली घेतलाय. टाइम घालवू नको, निघ." आमच्याकडे ऊर्ध्व लागला म्हणजे शेवटचा श्वास सुरू झाला, आणि खाली घेतलं म्हणजे बाजेवरून उचलून सारवलेल्या भुईवर आडवं केलं, तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घातलं. त्यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, शेणव्याच्या मामेभावाला कळवलं, किन्हवलीमार्गे जाणारी एसटी धरली आणि सरळगावपर्यंत खिडकीला डोकं टेकून रडत गेले. तिथून रिक्षा करून गावात पोचले, तर दादा ओटीवर बसलेला. पाय खाली सोडलेले, कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, हातात बशी. चहा फुंकून फुंकून पीत होता. मला बघून म्हणाला, "तू पन आलीस का?" मामेभाऊ मोटरसायकलवरून माझ्याआधी पोचला होता आणि हातातला झेंडूचा हार कुठे लपवावा ते त्याला कळत नव्हतं. दादानंच तो मागून घेतला आणि देवळात पाठवून दिला.

दुसरा निरोप या दिवाळीच्या तोंडावर आला. तो खरा होता. या दोन निरोपांच्या मधलंच मी लिहिणार आहे. दादाचं सगळं आयुष्य सांगायचं तर त्याला दादाच हवा, आणि तो सांगायला बसला की ऐकणाऱ्याची शेवटची एसटी चुकायची.

तरी थोडं सांगायला हवं. बाळाराम त्याचं नाव, पण सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या आमच्या त्या पाच-सहा वाड्यांत त्याला सगळे दादाच म्हणत, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. उमेदीची सगळी वर्षं तो भातगिरणीत होता. मी लहानपणी त्याचा डबा घेऊन जायची तेव्हा तो आतून भुवयांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचा आणि मी ओळखलंच नाही असं दाखवलं की खूश व्हायचा. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय त्याला तिथेच लागली. पुढे तो घरात, लग्नात, मयतीला, सगळीकडे त्याच पट्टीत बोलायचा. गिरणीतली धूळ आणि वर दिवसभर बिडी. छाती तरी किती सोसणार? आधी माळावर चढताना धाप लागायला लागली, मग विहिरीपर्यंत जाताना, मग अंगणात, आणि शेवटी एका वाक्यात. अर्धं वाक्य बोलायचा, थांबायचा, मग उरलेलं बोलायचा. "आता मी हप्त्यानं बोलतो," म्हणायचा. आम्ही हसायचो. पण दादा बोलताना थांबतो हे बघवत नसे, ते खरं.

त्या पहिल्या निरोपानंतर कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फुप्फुसं झिजली आहेत, ती आता सुधारणार नाहीत, पण त्रास कमी ठेवता येईल, त्यासाठी घरी येणारी माणसं आहेत. मुरबाडहून सुरेखा सिस्टर यायला लागल्या त्या तेव्हापासून. या शुश्रूषेला पॅलिएटिव्ह म्हणतात असं त्यांनी दादाला सांगितलं आणि दादानं त्यांचं नाव पालेभाजी सिस्टर ठेवलं. त्याही अशा की पुढच्या खेपेला मेथीची जुडी घेऊन आल्या.

पण त्या पहिल्या निरोपाच्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते मला दादाकडूनच कळलं, हप्त्याहप्त्यानं. सकाळी उठून तो परसात गेला, परत येताना धाप वाढली, ती बसेना. घाबरला. घाबरला तशी आणखी वाढली. वहिनीनं हाका मारल्या, घरं गोळा झाली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाऊन दारात उभं राहणं ही माणुसकी आहे, न जाणारा बोल खातो. तेव्हा दार भरलं. आजाऱ्याला वारं बाधू नये, अंगावरून वारं गेलं तर माणूस लुळा पडतो, या समजुतीनं खिडकीत आधीच गोणपाट कोंबलेलं होतं. कोणीतरी त्याच्या कानांना टॉवेल बांधला. छाती भात्यासारखी हलतेय हे बघून जाणत्यांनी ठरवलं की ऊर्ध्व लागला, आणि त्याला उचलून भुईवर आडवं घातलं.

"आडवा केला तसा जो होता नव्हता तो पन श्वास गेला," दादा म्हणाला. "वरनं तोंडात पानी. ठसका लागला. मी हात उडवतोय, तर मानसं म्हनतात जीव तडफडतोय. अरे, मी ढकलत होतो तुमाला... मी मरत नव्हतो गो. ही मानसं मला मारत होती." शेवटी कसाबसा एका कुशीवर होऊन त्यानं उंबरा धरला आणि उठून बसला. लोक मागे सरले, काही तर चांगलेच घाबरले. बसल्यावर श्वास हळूहळू खाली आला. मग त्यानं चहा मागितला.

तो दिवस सगळ्या गावानं हसण्यावारी नेला, त्यानंही. पण संध्याकाळी मी निघताना त्यानं माझं मनगट धरलं. दादानं कधी कोणाचं मनगट धरलेलं मला आठवत नाही. म्हणाला, "मरायची भीती नाय मला. पन परत असा झाला तर मला आडवा करू नका. बसून मरतो मी." मी हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं? मी शहापूरला, तो इथे. खरं तर हे वचन वहिनीनं द्यायला हवं होतं आणि वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती.

वहिनीची अडचण सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या वाडीत मयतीचं, तेराव्याचं, कुठल्या घरात काय रीत आहे ते सगळं लक्ष्मणकाकांना विचारून होतं. ते आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे वहिनीचे चुलत सासरे. माणूस सरळ, कोणाकडून चहासुद्धा न मागणारा. त्या दिवशी खाली घ्या म्हणणारे तेच होते. आणि वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून काकांशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नाही, रीतच तशी. ते ओटीवर आले की ती डोक्यावर पदर घेऊन आत जायची आणि काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं तिसऱ्या माणसाला सांगायची. बाजेवर माणूस गेला तर त्याची सुटका होत नाही, भुई लागलीच पाहिजे, हे काकांचं पक्कं. दादानं त्यांना स्वतः सांगून पाहिलं. काका म्हणाले, "तुजा ऐकला आन् तू बाजेवर गेलास, तर तुज्या बापाला वर काय सांगू?" दोघेही आपापल्या जागी खरे होते आणि दोघांनाही एकमेकांबद्दल माया होती, त्यामुळे वाद मिटायचं काही चिन्ह नव्हतं.

सिस्टर आल्या त्या हे सगळं ऐकून हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी आधी खिडकीतलं गोणपाट काढलं. वहिनी कळवळून म्हणाली, "वारा लागंल ना त्यांना." सिस्टर म्हणाल्या, तेच हवंय. तोंडावर, नाकाच्या बाजूला, गालावर गार वारं लागलं की धाप लागल्याची जाणीव कमी होते, त्यानं वारं अंगावरून जात नाही. वहिनीला ते पटलं असं नाही, पण दादाला पटलं, कारण त्याला बरं वाटलं. मग जत्रेत मुलांना घेतात तसा हातात धरायचा, सेलवर फिरणारा पंखा आणला गेला. दुकानात फक्त गुलाबी होता. दादानं तो पहिले दोन दिवस उशीखाली लपवून वापरला, नंतर येईल त्याच्या तोंडावर धरून दाखवायला लागला. दादाचा मुलगा, माझा भाचा निलेश कसाऱ्याकडे रस्त्याच्या कामावर आहे. तो ऑक्सिजनचं यंत्रच आणायला निघाला होता. सिस्टरनी दादाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघितला आणि त्याला समजावलं की आज तरी यंत्रानं याहून जास्त फरक पडणार नाही, गरज पडली तर त्या स्वतः सांगतील. निलेशला वाटलं आपण बापासाठी काहीच केलं नाही. सिस्टरनी त्याला अंगणात नेऊन बराच वेळ काही सांगितलं. आत आला तेव्हा तो दादाची पाठ चोळत बसला.

श्वास कसा सोडायचा ते शिकवताना तर मजा झाली. सिस्टर म्हणाल्या, नाकानं हळू घ्यायचा आणि ओठ जुळवून, बशीतला चहा फुंकतो तसा, लांबवत सोडायचा. दादा म्हणाला, हे मी जन्मभर करत आलोय, याला शिकवणी कशाला. आणि खरंच त्या पहिल्या दिवशी तो त्या चहानंच सावरला असणार. पुढे त्याला धाप लागली की वहिनी रिकामी बशी त्याच्या हातात द्यायची. तो फुंकायला लागायचा. चहा नसलेली बशी फुंकणारा माणूस बघून नवा पाहुणा चक्रावून जायचा.

बसायचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. समोर काहीतरी उंच घेऊन त्यावर छातीनं ओणवं व्हायचं, डोकं टेकायचं, असं सिस्टर सांगत. घरात टेबल नाही. उशा मऊ, त्या दबायच्या. पाटावर पाट रचले तर टोचायचे. सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा वहिनीनं त्यांच्यापुढे एक पोतं आणून उभं केलं. भाताचं तूस ठासून भरलेलं, वरून तिच्या जुन्या लुगड्याची दुहेरी खोळ शिवलेली. छातीशी घेतलं की बरोबर हनुवटीपर्यंत येणारं. दबतं तेवढंच दबतं आणि मग धरून ठेवतं. दादा त्यावर गाल टेकून म्हणाला, "याच तुसानं छाती खाल्ली माजी. आता त्याच्याच उरावर बसतो." त्या दिवसापासून ते पोतं आणि दादा वेगळे दिसले नाहीत. बाजेवर, ओटीवर, अंगणात, जिथे दादा तिथे पोतं. झोपायचाही त्यावरच, पुढे ओणवून.

पावसाळा सरता सरता सिस्टरनी मॉर्फिन सुरू करायचं म्हटलं. अगदी थोडं, तोंडानं घ्यायचं. वाडीभर झालं की दादाला अफू चालू केली, म्हणजे आता संपलं. मीही दचकले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकानं ठामपणे सांगितलं होतं की ते अगदी शेवटी देतात. सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, एवढ्या कमी मात्रेनं माणूस जात नाही, हवा पुरत नाही ही जी तगमग असते ती उतरते, फक्त पोट साफ होण्याचं औषध सोबत चुकवू नका. दादाला यातलं कशाचंच काही वाटलं नाही. "बिडी वढत होतो तवा कोनी इचारला नाय," म्हणाला, "आता बरा वाटतंय तर भांडायला आले." औषध लागू पडल्यावरच्या रविवारी मी गेले तर तो एक अख्खी गोष्ट सांगत होता, गिरणीतल्या पट्ट्यात मालकाचं धोतर अडकल्याची. आमच्या सगळ्यांची पाठ झालेली. मधे थांबत होता, पण शेवटापर्यंत गेला. मी आत जाऊन वहिनीजवळ रडले. वाईट वाटून नव्हे.

गर्दीचा बंदोबस्त त्यानं स्वतः केला. लोकांना दारातून सरका म्हणणं म्हणजे अपमान, ते सिस्टरना जमलं असतं, वहिनीला नाही. दादा येईल त्याला काम सांगायचा. तू गुरांना पाणी दाखव, तू कौल बघ सरकलंय का, तू जरा लवकर पिकणाऱ्या हळव्या भातावर नजर टाकून ये. माणसं खुशीनं जायची, दार मोकळं व्हायचं, वारं आत यायचं. सिद्धगड दिसायचा. एकदा त्यानं लक्ष्मणकाकांनाही काम सांगितलं, माझ्यासमोर. "काका, माजी येळ आली की ही दारातली गर्दी तुमी हटवा. तुमचा ऐकतात." काकांनी मान डोलावली. आडवं करण्याबद्दल मात्र दोघेही बोलले नाहीत, आणि वहिनी आत भांडी घासत होती ती घासायची थांबली.

दिवाळीच्या तोंडावर मधल्या सुट्टीत निलेशचा फोन आला. "आत्या, बाबा गेले." मी विचारलं, कसे? तो म्हणाला, कसे म्हणजे काय, गेले. त्याला आणखी काही विचारणं बरं नव्हतं. तीच एसटी, तोच रस्ता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात. या खेपेला मला रडू येत नव्हतं. डोक्यात एकच घोळत होतं... याला आडवं केलं का? छातीवर जातं ठेवल्यासारखा गेला का? पोचले तेव्हा दादा अंगणात होता, धुतलेला, पांढऱ्यात, तिरडीवर सरळ आडवा. मेलेल्या माणसाला आडवंच ठेवतात, त्यावरून काय कळणार? मी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत राहिले. काही दिसलं नाही. दादा एवढा गप्प मी कधीच पाहिला नव्हता.

पुरुष नदीवर गेले, बायका घर धुवायला लागल्या, तेव्हा मी वहिनीला चुलीजवळ गाठलं आणि विचारलं. ती म्हणाली, "भुईवरच गेले, वन्सं. बसून." मग थोडं थोडं करून सांगितलं. आदल्या दिवशी सिस्टर येऊन गेल्या होत्या, आता फार वेळ नाही म्हणून सांगितलं होतं, औषध बेतून दिलं होतं. वहिनीनं सकाळी उठून दाराजवळची भुई सारवली. तिला रीत मोडायची नव्हती आणि शब्दही मोडायचा नव्हता. ऊन चढता चढता श्वास बदलला. माणसं जमली, कोणी म्हणालं खाली घ्या, आणि लक्ष्मणकाका उंबऱ्यावर आले. वहिनी पदर घेऊन आत गेली नाही. पोतं उचलून सारवलेल्या जागी उभं केलं आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "काका, भुईवर घ्या त्यांना. पन बसते घ्या."

ओटीवरचे सगळे वळून बघायला लागले, ती म्हणाली. सून सासऱ्याशी बोलली म्हणून. काका बघत राहिले, तिच्याकडे नाही, पोत्याकडे. भुई होती, सारवलेली होती... मग ते वाकले आणि दादाच्या एका काखेत त्यांनी स्वतः हात घातला, दुसऱ्या काखेत निलेशनं. दादा भुईवर टेकला, पोत्यावर ओणवला, तोंड दाराकडे. काकांनी वळून माणसांना म्हटलं, "सरका. वारा येऊ द्या." तुळशीचं पान त्यांनीच ओठावर ठेवलं. पाणी ओतलं नाही, बोट ओलं करून लावलं. आणि मग तो गुलाबी पंखा हातात घेऊन बसले, दादाचा श्वास लांब लांब होत थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही जरा वेळ.

हे सांगून वहिनी पहिल्यांदा रडली. मीही. दादानं मागितलं होतं ते त्याला मिळालं, एवढं तरी मला घरी घेऊन जाता आलं.

रीतीप्रमाणे त्याचं अंथरूण-पांघरूण नदीवर गेलं. पोतं राहिलं. तुसाचं पोतं हे अंथरूण आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा काकांच्या आलं असेल आणि ते बोलले नसतील. गेल्या रविवारी गेले तेव्हा ते ओटीवर भिंतीला टेकून होतं, वरच्या बाजूला एक खळगा तसाच. मी त्याच्याजवळ बसले, हात लावला नाही. थोड्या वेळानं लक्ष्मणकाका चढ चढून आले. त्यांचंही वय झालंय. पायरीवरच थांबले, छाती हलत होती. मग ओटीवर येऊन बसले, पोतं ओढून छातीशी घेतलं आणि त्यावर हनुवटी टेकून ओठ जुळवून फुंकायला लागले, चहा फुंकतात तसे. खळगा त्यांच्या हनुवटीखाली गेला. मला एक क्षण राग आला, मग नाही आला. श्वास बसल्यावर म्हणाले, "बाय, तू मास्तरीन. माज्या पोरांना एकदा सांगून ठेव. तुजा ऐकतील." काय सांगू ते मी विचारलं नाही.

वहिनी दारात येऊन उभी होती. पदर डोक्यावर होता, पण ती आत गेली नाही. तिनं विचारलं, "काका, पंखा देऊ का?"

काका पोत्यावरून मान न उचलता म्हणाले, "दे गो."